समुद्रापलीकडचे राजे तिथलेच होते : इतिहास सांगणाऱ्या मराठी मित्रांना खुले पत्र

प्रिय मित्रांनो,

स. न. वि. वि.

तुम्ही प्राचीन इतिहासावर मराठीत लिहिता, व्याख्याने देता, व्हिडिओ करता. सातवाहन, वाकाटक, बदामीचे चालुक्य ही नावे परीक्षेच्या पुस्तकातून निघून घरातल्या गप्पांत आली, त्यात तुमचा वाटा मोठा आहे. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. मी हैदराबादेत वाढलेला मराठी माणूस. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर तेलुगू, त्यामुळे दोन्हीकडचे कानावर पडते. अलीकडे दोन्हीकडे एकच गोष्ट नव्या जोमाने सांगितली जाते आहे. कृष्णा-गोदावरीच्या मुखातून आपल्या राजांची आरमारे निघाली, त्यांनी बोर्नियो, जावा, चंपा (आजच्या व्हिएतनाममधले), मलाया इथे राज्ये स्थापली, आणि तिथले मूलवर्मा, पूर्णवर्मा, भद्रवर्मा हे आंध्रातून गेलेले राजपुत्र होते, अशी ती गोष्ट. तेलुगू सांगणारा त्यांना शालंकायन नाहीतर इक्ष्वाकू या प्राचीन आंध्र घराण्यांतले ठरवतो. मराठी सांगणारा तोच धागा सातवाहनांपर्यंत ओढून पैठणला बांधतो. खाली कमेंटमध्ये सातवाहन कुणाचे यावर दोन राज्यांतली माणसे एकमेकांना दुखावतात.

ही गोष्ट अशी सांगू नका, एवढीच माझी विनंती आहे. तेलुगू किनाऱ्याचे समुद्रापलीकडच्या राज्यांशी असलेले नाते खरे आहे, खोल आहे आणि हजार-दीड हजार वर्षांचे आहे. पण उपलब्ध लेख जे सांगतात त्यात जिंकणे फार थोडे आहे. तिथले राजे तिथलेच होते. त्यांनी इथून अक्षरे घेतली, यज्ञ घेतले, मूर्ती घेतल्या, भिक्षू आणि ब्राह्मण बोलावले, कधी मुली सून म्हणून नेल्या. हे सगळे त्यांनी स्वतःच्या मर्जीने केले, आणि म्हणूनच मला ते विजयापेक्षा मोलाचे वाटते.

सातवाहनांच्या नाण्यापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या बहुतेक व्हिडिओंची सुरुवात तिथूनच होते. यज्ञश्री सातकर्णीची, दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची शिशाची नाणी आंध्र आणि कोरोमंडल किनाऱ्यावर सापडली आहेत. दुसऱ्या शतकाच्या अखेरीची ही नाणी. नाण्यावर जहाज काढावेसे वाटावे इतका त्या किनाऱ्याचा व्यापार मोठा होता, हे त्यातून नक्की कळते. युद्धाचे आरमार त्यातून कळत नाही. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या लेकाला तीन समुद्रांचे पाणी प्यालेल्या वाहनांचा धनी म्हटले आहे, पण समुद्र ओलांडल्याचा दावा त्या अभिमानी आईनेही केलेला नाही. आणि हे लेख, हे नाणे दोन्ही प्राकृतात आहेत. त्यावर आजच्या मराठीचा किंवा आजच्या तेलुगूचा शिक्का मारणे दोघांनाही शोभत नाही.

समुद्र खरोखर ओलांडणारा माणूस पाहायचा असेल तर घंटसालाला जा. कृष्णा जिल्ह्यातले हे गाव म्हणजे प्राचीन भूगोलकार टॉलेमीने नोंदवलेले बंदर, आणि याच किनाऱ्यावर पुढे एक ठिकाण तो सांगतो जिथून सुवर्णभूमीकडे, म्हणजे आग्नेय आशियाकडे, जाणारी जहाजे किनारा सोडून भर समुद्रात शिरत. आज समुद्र गावापासून बराच मागे हटला आहे. तिथे सापडलेल्या प्राकृत लेखांत शिवक नावाच्या एका महानाविकाचा उल्लेख येतो. हा ना राजा, ना सेनापती. जहाजांचा जाणता आणि बौद्ध स्तूपाशी संबंध असलेला माणूस. आता पलीकडचा किनारा बघा. मलेशियात पेनांगसमोरच्या सेबरांग पराई भागात पाचव्या शतकाच्या सुमाराचा एक दगड मिळाला. त्यावर स्तूप कोरलेला आहे आणि लेखात बुद्धगुप्त नावाच्या महानाविकाची प्रवास सुखरूप व्हावा अशी इच्छा आहे. हा बुद्धगुप्त रक्तमृत्तिका इथला, म्हणजे बंगालचा. दोन किनारे, दोन महानाविक, दोघेही बौद्ध. वाऱ्याच्या ऋतूची वाट पाहत परक्या बंदरात महिनोन्‌महिने थांबणारी ही माणसे होती. अक्षरे, देव आणि गोष्टी यांच्याच जहाजांतून गेल्या. एवढी मोठी बातमी दगडावर कोरलेली असताना आपण नकाशावर काल्पनिक आरमाराचे बाण काढत बसतो, याचे मला वाईट वाटते.

इक्ष्वाकूंकडे येऊ. तिसऱ्या शतकात विजयपुरीला, म्हणजे नागार्जुनकोंड्याला त्यांचे राज्य होते. आज ते खोरे नागार्जुनसागराच्या पाण्याखाली आहे आणि वाचवलेले अवशेष मधल्या बेटावर ठेवले आहेत. राजा वीरपुरुषदत्ताच्या चौदाव्या वर्षी बोधिश्री नावाच्या उपासिकेने तिथे एक चैत्यगृह बांधले. ते तिने ताम्रपर्णीच्या, म्हणजे लंकेच्या भिक्षूंना अर्पण केले. या भिक्षूंनी जिथे जिथे धर्म पोचवला त्या प्रदेशांची यादी लेखात आहे : काश्मीर, गांधार, चीन, तोसली (ओडिशा), वंग, वनवासी (कर्नाटकातले बनवासी), द्रविड आणि आपला अपरांत, म्हणजे कोकणसुद्धा. तिच्या दानांत एक सिंहल विहारही येतो. इथे लंका शिष्य नाही, पाहुणा गुरू आहे. इक्ष्वाकूंच्या सोयरिकीही लेखांत नोंदलेल्या आहेत. उज्जैनच्या महाराजाची मुलगी त्यांच्याकडे आली, त्यांची एक मुलगी वनवासीला गेली. समुद्रापार दिलेली किंवा आणलेली मुलगी मात्र त्यांत एकही नाही. जे घराणे आपल्या सोयऱ्यांची नावे दगडावर इतक्या हौसेने कोरते, त्याने समुद्रापलीकडे राज्य वसवले असते तर ते लपवले नसते.

आता ज्या मूलवर्म्यावर सगळ्यांचा हक्क आहे त्याच्याकडे वळू. पूर्व बोर्नियोत, कुताई भागात, मुआरा कामानला त्याचे सात यूप, म्हणजे लेख कोरलेले दगडी यज्ञस्तंभ, सापडले. काळ इ.स. 400 च्या आसपासचा. संस्कृत शुद्ध आहे. एका लेखात वंशावळ आहे : कुंडुंग, त्याचा मुलगा अश्ववर्मा, आणि अश्ववर्म्याच्या तीन मुलांतला श्रेष्ठ तो मूलवर्मा. लेख वंशाचा कर्ता म्हणून अश्ववर्म्याला मान देतो, आजोबाला नाही. आणि आजोबाचे नाव संस्कृत नाही, तिथले आहे. म्हणजे एका स्थानिक घराण्याने दुसऱ्या पिढीत संस्कृत नाव घेतले आणि तिसऱ्या पिढीत यज्ञ केले. मूलवर्म्याने वप्रकेश्वर या पुण्यक्षेत्रात ब्राह्मणांना वीस हजार गाई दिल्या आणि हा यूप इथे आलेल्या ब्राह्मणांनी उभारला, असे लेखच सांगतो. आलेले कोण आणि राज्य कुणाचे, याबद्दल दगडाने काही शंका ठेवलेली नाही.

तरीही इथे आंध्राशी नाते आहेच, आणि ते फार सुंदर आहे. मूलवर्म्याच्या यूपांवर बहुसुवर्णक यज्ञाचे नाव येते. कृष्णा-गोदावरीच्या दुआबात राज्य करणाऱ्या विष्णुकुंडी राजांच्या ताम्रपटांतही यज्ञांची लांबलचक यादी आहे, अकरा अश्वमेधांसह, आणि तिच्यात बहुसुवर्ण आहे. हे विष्णुकुंडी घराणे विदर्भाचे सोयरे. माधववर्म्याचा मुलगा विक्रमेंद्रवर्मा याच्या जन्माने विष्णुकुंडी आणि वाकाटक असे दोन्ही वंश शोभले, असे त्यांचाच एक ताम्रपट अभिमानाने सांगतो. म्हणजे विदर्भाची लेक वेंगीच्या, म्हणजे कृष्णा-गोदावरीच्या, प्रदेशात सून होती. यज्ञ जाणणारे पंडित एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जात होते, काही जहाजात बसून बोर्नियोपर्यंत पोचले. मराठी व्हिडिओसाठी मराठी धागा हवाच असेल तर तो हा घ्या. तो पुराव्यावर उभा आहे.

लिपीबद्दलही घाई होते. बोर्नियो, पश्चिम जावा, चंपा इथल्या जुन्या लेखांची अक्षरे दक्षिण भारतातल्या अक्षरांशी जवळची आहेत, यात वाद नाही. एकोणिसाव्या शतकात काहींनी वेंगीशी सांधा जोडला, पुढे पल्लव लिपी हे नाव रुळले, आता काही अभ्यासक कुठल्याच घराण्याचे नाव न देता तिला उत्तरकालीन दाक्षिणात्य ब्राह्मी म्हणणे पसंत करतात. मला हे शेवटचे पटते. पल्लवांचे सर्वांत जुने लेखही पलनाडू-गुंटूरकडचेच आहेत, म्हणून तेलुगू आणि तमिळ मित्रांत पल्लवांवरूनही ओढाताण असते. व्हिएतनाममधल्या व्हो-कान्हच्या दगडाचे तेच झाले. त्यातल्या श्रीमार राजाला कुणी मदुरेच्या पांड्यांशी जोडले, कुणी अक्षरांवरून गिरनारकडे पाहिले, कुणी कृष्णाकाठाकडे. दगड एक, आणि त्यावर हक्क सांगणारे प्रदेश तीन. श्रीमाराच्या वंशजांनी मात्र तो आपल्या भूमीत, आपल्या माणसांसाठी कोरवला.

एक गोष्ट आपण मुळीच विचारात घेत नाही. शालंकायन, इक्ष्वाकू, विष्णुकुंडी यांच्या लेखांची भाषा प्राकृत किंवा संस्कृत. तेलुगूतला सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा, कडपा भागातला रेनाटी चोळांचा कलमळ्ळचा लेख इ.स. 575 च्या सुमाराचा. मराठीचे लेख तर त्यानंतर बऱ्याच शतकांनी. मूलवर्म्याचे यूप उभे राहिले तेव्हा इथेही राजाज्ञा तेलुगूत कोरल्या जात नव्हत्या. आणि तिकडे? चंपेत, तिथल्या भद्रवर्मा राजाच्या परिसरातच, चाम भाषेतला एक लेख मिळाला आहे. त्या भाषाकुळातला तो सर्वांत जुना लेख मानतात. कंबोडियात ख्मेर भाषेतला दिनांकित लेख इ.स. 611 चा, सुमात्रात जुन्या मलयचा 682-83 चा. अक्षरे हाती येताच त्या लोकांनी आपली भाषा लिहायला घेतली. आपण इकडे जे करत होतो, तेच ते तिकडे करत होते, जवळपास त्याच काळात. मला वाटते या एका वाक्यावर अख्खा व्हिडिओ व्हावा.

पूर्णवर्म्याबद्दल फार लांबवत नाही. पश्चिम जाव्याच्या या राजाने तुगूच्या लेखात गोमती नावाचा कालवा एकवीस दिवसांत खणल्याचे नोंदवले आहे, लांबी 6122 धनुष्ये (धनुष्य हे लांबीचे जुने माप), आणि शेवटी ब्राह्मणांना हजार गाई. आपल्या जमिनीचे पाणी वळवणारा, आपल्या कालव्याला दूरदेशच्या नदीचे नाव देणारा राजा. त्याला कुणा इतर घराण्याचा प्रतिनिधी ठरवून आपण त्याचेच कर्तृत्व हिरावून घेतो. ब्रह्मदेशातल्या श्रीक्षेत्रचेही तसेच. तिथल्या खिन बा टेकाडातून 1926 मध्ये सोन्याच्या वीस पानांची पाली पोथी निघाली. अक्षरे आंध्र-कर्नाटकाच्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या वळणाशी मिळतीजुळती. पण सोने तिथल्या प्राचीन प्यू लोकांचे आणि स्तूपही त्यांचा.

राजघराण्यांचे खरेखुरे नाते हवे असेल तर लंकेकडे पाहा. बाराव्या शतकाच्या अखेरीस पोलोन्नरुवात, लंकेच्या तेव्हाच्या राजधानीत, निश्शंकमल्ल राज्य करत होता, 1187 ते 1196. आपण कलिंगातल्या सिंहपुरात जन्मलो, असे तो आपल्या लेखांत पुन्हा पुन्हा सांगतो. श्रीकाकुलमजवळचे सिंगुपुरम ते हेच, असे अनेक अभ्यासक मानतात. मलायातले सिंहपूर असे म्हणणारेही होते. त्याच्या आधी विजयबाहूने कलिंगाची राजकन्या तिलोकसुंदरी राणी म्हणून आणली होती. सोयरीक इतकी रुजली की लंकेचे सिंहासन कलिंगवंशीयांचेच, चोळ-पांड्यांना इथे बसवू नका, असे निश्शंकमल्ल दगडावर बजावतो. आणि याच नात्याची दुसरी बाजूही आहे, ती गाळू नका. 1215 मध्ये कलिंगाचा माघ सैन्य घेऊन आला आणि त्याने पोलोन्नरुवाची धूळधाण केली. लंकेच्या पाली बखरींत त्याचे नाव अजून शापासारखे येते. जिथे तलवार गेली तिथे लोकांनी काय लक्षात ठेवले, ते यावरून कळते. कलिंगाचा हा भाग आज आंध्रात आणि ओडिशात विभागलेला आहे, म्हणून त्याला तेलुगू म्हणताना ओडिया मित्रांचाही विचार व्हावा.

दुसरे घराणे वेंगीच्या पूर्व चालुक्यांचे. त्यांचा मूळपुरुष कुब्ज विष्णुवर्धन हा दुसऱ्या पुलकेशीचा भाऊ. युवराज असताना त्याने दिलेला ताम्रपट आपल्या साताऱ्याचा आहे. चार शतकांनी त्याच वंशात राजराज नरेंद्र झाला, ज्याच्या आश्रयाने नन्नयाने तेलुगू महाभारताला हात घातला. त्याची राणी अम्मंगदेवी ही राजेंद्र चोळाची मुलगी. राजेंद्राने 1025 मध्ये श्रीविजय (सुमात्रातले राज्य) आणि कडारम (आजच्या मलेशियातले केडा) यांवर चढाई केली. समुद्र ओलांडून केलेली खरी मोहीम म्हणाल तर ही, आणि ती तमिळ चोळांची आहे. राजराज नरेंद्र आणि अम्मंगदेवीचा मुलगा 1070 मध्ये चोळांच्या गादीवर बसला आणि कुलोत्तुंग झाला. आजोबाने लुटलेल्या कडारमशी नातवाने कसे वागावे? 1090 च्या ताम्रपटात कडारमच्या राजाचे दूत येतात, नागपट्टणमच्या बौद्ध विहाराला लावून दिलेल्या गावांची करमाफी मागतात, आणि कुलोत्तुंग ती देतो. तो विहार श्रीविजयाच्या शैलेंद्र घराण्यातल्या राजानेच बांधवला होता, म्हणजे तिकडच्या राजाने इकडे बांधकाम करवून घेतले. 1077 मध्ये कुलोत्तुंगाचे बहात्तर जणांचे शिष्टमंडळ चीनच्या दरबारात पोचले. वेंगीच्या या मुलाची कहाणी मराठीत कुणी नीट सांगितली आहे का? मला तरी ऐकायला मिळालेली नाही.

तेलुगू भाषिक घराणे समुद्रापलीकडच्या गादीवर बसल्याचे उदाहरण प्राचीन काळातले नाही. ते थेट 1739 चे आहे. लंकेतल्या कँडीचा राजा मान्य वारसाविना वारला तेव्हा मदुरेकडच्या नायक्कर घराण्यातून आलेल्या राणीच्या भावाला गादी मिळाली. पुढे त्याच घराण्यातल्या कीर्ती श्री राजसिंहाने सयामहून भिक्षू आणवून लंकेतली उपसंपदा, म्हणजे भिक्षूंची पूर्ण दीक्षा, पुन्हा सुरू केली. तो आणि त्याचे वारस लंकेच्या बौद्ध धर्माचे राखणदार म्हणूनच राहिले. तंजावरच्या भोसल्यांनी तेलुगू नाटके लिहिली, लिहवून घेतली, हे आपल्याला ठाऊक आहे. तीच रीत. शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1815 मध्ये पदच्युत करून वेल्लोरला ठेवले.

आता माझी खरी मागणी. पुढचा व्हिडिओ मोटुपल्लीवर करा. आज बापट्ला जिल्ह्यात असलेले हे किनाऱ्यावरचे गाव. तिथल्या वीरभद्राच्या देवळातल्या खांबावर काकतीय गणपतिदेवाचे शके 1166 चे, म्हणजे इ.स. 1244-45 चे अभयशासन, म्हणजे अभय देणारी राजाज्ञा, आहे. समुद्रातून ये-जा करणाऱ्या सगळ्या देशांच्या व्यापाऱ्यांना उद्देशून ते लिहिलेले आहे. आधीचे राजे वादळात फुटून किनाऱ्याला लागलेल्या जहाजांवरचे सोने, हत्ती, घोडे, रत्ने, सगळे जप्त करत. आम्ही ते बंद करतो, ठरलेल्या जकातीपलीकडे काही घेणार नाही, कारण ही माणसे धनासाठी जिवाचा धोका पत्करून समुद्रात उतरतात, असा त्याचा आशय आहे. मग दर येतात. आयात-निर्यातीवर तिसावा हिस्सा, आणि पुढे चंदन, कापूर, चिनी कापूर, मोती, गुलाबपाणी, हस्तिदंत, तांबे, शिसे, रेशीम, पोवळे, मिरी, सुपारी यांचे वेगवेगळे हिशेब. या गणपतिदेवाची मुलगी रुद्रमादेवी. मार्को पोलोने मोटुपल्लीच्या राज्याची आणि तिथल्या राणीच्या न्यायाची तारीफ केली आहे. 1358 मध्ये अनपोत रेड्डीने मोटुपल्लीतच पुन्हा असे शासन कोरवले, त्यात तेलुगूबरोबर तमिळही आहे, कारण व्यापारी तमिळ बोलणारेही होते. किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाच्या मालकाला त्याचा माल परत मिळेल, अशी हमी देणारा राजा मला दहा आरमारे धाडणाऱ्या राजापेक्षा मोठा वाटतो.

तो खांब कॅमेऱ्यासमोर आणा आणि दरांची यादी पुरती वाचा. प्रत्येक लेखाबरोबर त्याचे गाव, भाषा, साल सांगा. मूलवर्म्याचे नाव घ्याल तेव्हा कुंडुंगाचे नाव गाळू नका. इंडोनेशिया आणि व्हिएतनामच्या संशोधकांचे म्हणणेही ऐकवा, ते त्यांच्या पूर्वजांबद्दल बोलत आहेत. नकाशावरच्या बाणांना दोन्हीकडे टोके द्या. सातवाहनांवरून भांडण सुरू झाले तर चर्चेत स्वतः उतरून नाशिकचा आणि अमरावतीचा लेख शेजारी शेजारी ठेवा.

मोटुपल्लीच्या शासनाचा तेलुगू भाग, रेड्डींचे शासन किंवा तेलुगूतले इतर अभ्यास समजून घ्यायला अडचण आली तर मला कळवा. मी ते मराठीत करून देईन, त्यावर माझे नाव नसले तरी चालेल. तेलुगूत काम करणारे काही मित्र माझ्या ओळखीचे आहेत, त्यांनाही याच विषयावर तेलुगूत पत्र लिहितो आहे. दोन्ही भाषांत एकच भाग एकत्र करायचा असेल तर त्यांची-तुमची गाठ घालून द्यायला मी तयार आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
हैदराबादचा एक मराठी वाचक